घाटावर सायकल नेताय? कोकणातल्या पायांसाठी थंडीचे शूज कसे निवडायचे

कोकणात थंडी कुठे असते, असं कुणी विचारलं तर प्रश्न चुकीचा नाहीये. रत्नागिरी, गुहागर, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात जानेवारीत पहाटे १८-२० अंशांवर पारा आला की आपण कानटोपी काढतो, शेकोटी पेटवतो आणि यंदा आंब्याला मोहोर बरा येणार म्हणून खूष होतो, पण तेवढ्यात सायकलवर पाय काही गोठत नाहीत. साधे शूज, पातळ मोजे, झालं काम. फक्त किनाऱ्यावरच फिरणार असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पैसे चांगल्या टायरवर घाला.

पण आपल्याकडचे सायकलवाले आता किनाऱ्यावर थांबत नाहीत ना. सावंतवाडीहून आंबोली, चिपळूणहून कुंभार्ली, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर, असं सगळं चालू असतं. कुणी पुण्याकोल्हापूरकडे ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या राइडला जातं, तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात म्हणजे डिसेंबरात अंधारात पेडल मारणं आलंच, आणि ३००, ४०० ला तर अख्खी रात्र. आणि दरवर्षी कुणीतरी मनाली-लेहचं बुकिंग करून मग विचारतं, पायात काय घालू? अशा नव्या लोकांसाठी हे लिहितोय. दुकानात जाऊन सगळ्यात जाड आणि सगळ्यात महाग शूज उचलायचे हा मार्ग नाही, कारण पाय गरम राहतात ते तीन गोष्टींनी: आत मोकळी जागा, बाहेरून वारा बंद, आणि मोजे कोरडे. किंमत त्यानंतर येते.

आधी तुमची थंडी कुठली ते ठरवा

सगळ्या खरेदीचा निकाल इथेच लागतो, म्हणून घाई करू नका. उंची वाढली की दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. आंबोली ७०० मीटरच्या आसपास, म्हणजे खाली सावंतवाडीपेक्षा चार-साडेचार अंश कमी धरून चाला. महाबळेश्वर १३५० च्या घरात, तिथे वेण्णा लेकजवळ काही वर्षी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात ते तुम्ही बघितलेच असतील. दापोलीत घाट न चढताही एखाद्या वर्षी पारा १० च्या खाली जातो, त्यामुळे दापोलीकरांनी स्वतःला किनाऱ्यात धरू नये.

यात वारा मिळवा. हवा १० अंश आणि वारा तासाला ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते सात अंशांसारखं लागतं, आणि हवा पाच अंश असेल तर जवळजवळ शून्य. सायकलवर हा वारा आपणच तयार करतो, उतारावर ३० काय ४० पण सहज लागतो.

तर ढोबळ तीन गट. पहिला: पहाटे घाट चढून उतरणारे, १० ते १५ अंश. यांना नवीन शूज लागतच नाहीत, आहेत त्यावर कव्हर आणि बरे मोजे पुरतात. दुसरा: रात्रभर घाटमाथ्यावर चालवणारे, ५ ते १० अंश. यांना थोडे मोठे शूज, जाड कव्हर, लोकरीचे मोजे. तिसरा: हिमालय, किंवा थंड देशात नोकरीला जाऊन तिथे हिवाळ्यात सायकलने ऑफिसला जाणारे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक वाडीतला एकतरी मुलगा असा कुठेतरी गेलेला असतो. विंटर बूट म्हणतात ते खरं तर याच तिसऱ्या गटासाठी बनतात. बहुतेक नवे लोक पहिल्या गटातले असून तिसऱ्याची खरेदी करतात.

पाय गार का पडतात

धावताना तळपाय वाकतो, स्नायू काम करतात, रक्त फिरतं. सायकलच्या कडक सोलमध्ये पाय तासन्‌तास एकाच पोझिशनला असतो, वर चवड्यावर सतत दाब. शरीराला थंडी वाजली की ते पोटाछातीकडचं रक्त राखतं आणि हातापायाच्या बोटांकडचं कमी करतं, त्यामुळे अंगात जॅकेट नसेल तर पायात काहीही घाला, बोटं गारच राहणार. हे लक्षात ठेवा, अर्ध्या वेळा पायाचा प्रॉब्लेम छाती झाकून सुटतो.

आणि आपला खास कोकणी प्रॉब्लेम म्हणजे आपण समुद्रसपाटीवरून चढतो. पुण्यातला माणूस आधीच वर असतो. आपण दाणोलीपासून आंबोली घाट चढताना घामाघूम, मोजे आतून ओले, वर पोचल्यावर चहा-भजी होईपर्यंत ते ओले मोजे गार पडतात आणि मग त्याच मोज्यांवर आपण ४० च्या स्पीडने खाली. चढताना कुणाचे पाय गारठल्याचं ऐकलंय का? सगळं उतरताना होतं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या मोज्यांचा एक जोड. वर पोचल्या पोचल्या, चहा मागवायच्या आधी बदला. शूज निवडण्याच्या लेखात मोजे बदलायला सांगतोय कारण याने जेवढा फरक पडतो तेवढा पाच हजारांच्या शूजनेही पडत नाही.

माप घ्या, पण थंडीचं माप घ्या

इथे वेळ घालवा. संध्याकाळी माप घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. थंडीत जे मोजे घालणार तेच घालून. फरशीवर कागद ठेवा, त्याची कड भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावून उभे रहा, दोन्ही पायांवर वजन. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल धरायला सांगा, स्वतः वाकलात की पाय सरकतो. पेन्सिल एकदम उभी, तिरपी धरली की रेघ पायाच्या खाली जाते आणि माप तीन-चार मिलीमीटरने कमी येतं. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाला खूण करा, आणि ते बोट दरवेळी अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. चवड्याची सगळ्यात रुंद जागाही मोजून ठेवा.

आता या लांबीत १० ते १२ मिलीमीटर मिळवा. एवढी हवा बोटांपुढे पाहिजे. युरोपियन नंबरमध्ये एक नंबर वाढला की साधारण साडेसहा मिलीमीटर वाढतात, आपल्याकडचे ७, ८, ९ नंबर ब्रिटिश पद्धतीचे, त्यात एका नंबरला साडेआठच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात ४२ घालत असाल तर थंडीसाठी साडेबेचाळीस किंवा ४३ बघा. कंपनीच्या चार्टवर पायाची लांबी लिहिलीय की शूजच्या आतली लांबी ते नीट वाचा, दोन्ही प्रकारचे चार्ट असतात आणि ऑनलाइन मागवणारे इथेच फसतात.

रुंदीचं वेगळं. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय पुढून पसरट असतो, आणि इटालियन कंपन्यांचे बरेचसे शूज पुढे निमुळते. करंगळी दाबली गेली की लांबी बरोबर असूनही रक्त अडतं आणि ती बाजू आधी बधीर होते. शिमानो आणि लेक या कंपन्या काही मॉडेल्स वाईडमध्ये काढतात, ती बघा. नुसती लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सोडवायला गेलात तर टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. बायकांसाठी अजून एक, ३८ च्या खालचे नंबर सरसकट मिळत नाहीत, आणि बऱ्याच बायकांचे हातपाय पुरुषांपेक्षा लवकर गार पडतात, म्हणजे जिला जास्त गरज तिलाच माल कमी. या बाबतीत कंपन्यांचं डोकं कुठे असतं कोण जाणे.

जाड मोजे दोन-दोन चढवून जुन्याच शूजमध्ये पाय कोंबणं, हे नव्या लोकांचं आवडतं काम. करू नका. घट्ट बुटात मोज्यातली हवा चेपून जाते आणि ऊब तर त्या हवेनेच राहते. टाइट जाड मोज्यापेक्षा सैल पातळ मोजा गरम लागतो, घरी करून बघा.

क्लीट की साधं पेडल

सायकल नवी असेल तर बहुतेक साधं चपटं पेडलच असेल, आणि थंडीसाठी ते मुळीच वाईट नाही. चपट्या पेडलवर ट्रेकिंगचे बूट चालतात, सोल जाड, आत लोखंड नाही, घाट उतरताना पाय गारठले तर उतरून पाचदहा मिनिटं सायकल ढकलत चालता येतं. हे चालणं म्हणजे फुकटचा हिटर आहे. पहिल्या वर्षी एवढंच वापरा असं माझं स्पष्ट मत.

क्लीट, म्हणजे शूजच्या तळाला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी वापरत असाल तर दोन बोल्टवाली एमटीबी (माउंटन बाइकची) पद्धत घ्या, शिमानोने १९९० मध्ये आणलेली एसपीडी ती हीच. क्लीट सोलमध्ये आत बसते म्हणून चालता येतं, आणि विंटर बूट बहुतेक याच पद्धतीत मिळतात. तीन बोल्टवाल्या रोड शूजमध्ये क्लीट बाहेर आलेली, थंडीत चालायला गेलं की फरशीवर बदक. क्लीट, बोल्ट, पेडल सगळं धातूचं, पायाची उष्णता त्यातून खाली जाते आणि बोल्टच्या खाचांतून हवा आत येते. इनसोल काढून खालची ती जागा आतून जाड चिकटपट्टीने बंद करा. दहा रुपयांचं काम आहे, फरक कळतो.

शूज हातात घेऊन काय बघायचं

सोलला पुढे जाळीच्या खिडक्या आहेत का बघा, उन्हाळी शूजना असतात, थंडीत त्या बंदच हव्यात. कार्बन सोलच्या मागे लागू नका, नायलॉनचा स्वस्तही असतो आणि उष्णताही कमी ओढतो. जीभ रुंद आणि दोन्ही बाजूंनी शिवलेली असेल तर वारा शिरत नाही. वेल्क्रो, लेस, डायल, काहीही चालेल, पण गारठलेल्या बोटांनी आणि हातमोजे घालून ते सैल करता येतं का हे दुकानातच करून बघा.

घोट्यापर्यंत येणारी कॉलर असलेले मेंब्रेनवाले, म्हणजे कापडात पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले बूट, गोअर-टेक्स वगैरे, बाहेरचं पाणी आणि वारा अडवतात आणि घामाची वाफ बऱ्यापैकी बाहेर सोडतात. इथे एक गैरसमज फार दिसतो. वॉटरप्रूफ आहे म्हणून लोक हेच बूट पावसाळ्यात घालायचा बेत करतात. आपल्या पावसात पाणी पायावरून ओघळत वरून आत शिरतं आणि मग मेंब्रेन ते बाहेर जाऊ देत नाही, तासाभरात दोन्ही बुटांत तळं. कोकणच्या पावसाला भोकं असलेले, पाणी वाहून जाणारे शूज किंवा सरळ सँडल. थंडीचे शूज आणि पावसाचे शूज एकमेकांच्या उलट असतात.

कव्हर: आपल्यापैकी बहुतेकांची खरी खरेदी

शूजवरून ओढायचं कव्हर, खाली क्लीटसाठी भोक, मागे चेन नाहीतर वेल्क्रो. नुसत्या बोटांवर बसणारी अर्धी टोपी पण मिळते, १२-१५ अंशांत तीच भरपूर, खिशातही मावते. पारा त्याखाली जाणार असेल तर निओप्रिनचं कव्हर घ्या, तीन ते पाच मिलीमीटर जाडीचं. तारकर्लीला स्कुबा करणाऱ्यांचा सूट याच कापडाचा, त्याच्या आत हवेचे बारीक बंद बुडबुडे असतात म्हणून भिजलं तरी ऊब राहते. तोटा एकच, घाम जायला वाट नाही, म्हणून चढताना ते घालू नका. वर जाऊन मोजे बदला, मग कव्हर चढवा, मग उतरा.

आंबोलीला हे कव्हर चढवताना चहावाल्याने माझ्याकडे बघून विचारलं होतं, “पायाक रेनकोट घातलंस काय रे?” लोक हसतील, हसू द्या.

साइज शूजच्या नंबरवर जाते, पण जाड सोल असेल तर एक नंबर मोठं घ्या, नाहीतर ओढताना शिवण उसवते. कव्हरचा तळ चालताना लगेच झिजतो, टपरीवर खडीत फिरू नका. आणि कव्हर मिळालंच नाही तर धुऊन कोरडी केलेली दुधाची पिशवी मोज्यावर, बोटांवर चढवा आणि शूज घाला. दिसत कुणाला नाही, वारा शंभर टक्के बंद.

मोजे, इनसोल, गरम पाकिटं

सुती मोजे थंडीत नकोच, घाम पितात आणि ओले राहतात. मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पिऊनही ओली लागत नाही आणि वासही कमी मारते. महाग आहे, पण दोन जोड पुरतात. मोजा घोट्याच्या वर जाणारा घ्या, घोट्याजवळ रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात, तिथे उघडं ठेवून बोटं गरम करण्यात अर्थ नाही.

इनसोल लोकरीच्या फेल्टचा, खालून चंदेरी थर असलेला मिळतो. शूजमध्ये जागा असेल तरच. जागेचं गणित पुन्हा तेच.

हिमालयात जाणारे ती हलवून गरम होणारी पाकिटं नेतात. आत लोखंडाची पावडर असते, हवेतल्या ऑक्सिजनने ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते, म्हणून घट्ट बंद बुटात हातासाठीची पाकिटं थंडच राहतात, पायासाठीची वेगळी मागा. मोज्यावर, बोटांच्या वरच्या बाजूला लावा, तळव्याखाली दबतात. उघड्या कातडीला कधीच नाही, भाजतं.

खरोखरचे विंटर बूट कुणी घ्यावेत

लेक, नॉर्थवेव्ह, शिमानो, फिझिक, ४५नॉर्थ, ही नावं शोधलीत की सापडतील. किमती साधारण दीडशे ते तीनशे युरोंच्या घरात, वर कस्टम्स. शून्याच्या खाली रोज चालवणार असाल तर घ्याच. मनाली-लेहला जून ते सप्टेंबरात जाणाऱ्यांना मात्र मी नको म्हणतो. बारालाचा ला ४,९०० मीटरच्या आसपास, टांगलांग ला ५,३०० च्या वर, तिथे पहाटे शून्याखाली जाऊ शकतं हे खरं, पण दुपारी ऊन इतकं कडक की त्या बुटात पाय शिजतात. मोठे शूज, निओप्रिन कव्हर, मेरिनोचे दोन जोड आणि तंबूत झोपायला वेगळे कोरडे मोजे, एवढं पुरतं. भर हिवाळ्यात स्पितीला जायची खुमखुमी असेल तर गोष्ट निराळी.

बूट घेतलेत तर दोन गोष्टी तपासा. सोल जाड असल्याने सीट तीन-चार मिलीमीटर वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघे बोलायला लागतात. आणि बूट रुंद असल्याने टाच क्रँकला (पेडलच्या दांड्याला) किंवा मागच्या फ्रेमला घासते का, सायकल स्टँडवर लावून पेडल उलटं फिरवून बघा.

घरी आणल्यावर बाहेर न घालता, मोज्यांसकट, अर्धा तास पंख्याखाली बसा, बोटं हलवा. कुठे मुंग्या आल्या तर ते शूज परत. थंडीची परीक्षा कोकणात घेता येत नाही, पण घट्टपणाची घेता येते.

पाय बधीर झाले तर

गार लागणं ठीक. गार लागायचं अचानक बंद झालं, कातडी पांढुरकी किंवा मेणचट दिसायला लागली की थांबायचं. चोळायचं नाही, शेकोटीला लावायचं नाही, बधीर पायाला भाजलेलं कळत नाही. पुन्हा गोठायची शक्यता नसेल अशा ठिकाणी ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय ठेवा आणि डॉक्टर गाठा. डायबेटिस असलेल्यांनी संवेदनेवर विसंबूच नये, दर थांब्याला मोजा काढून डोळ्यांनी बघावं, आणि ती गरम पाकिटं त्यांनी अजिबात वापरू नयेत.

राइडनंतर आणि पावसाळ्यात

ओले शूज चुलीपाशी नाही, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, बोळे दोनतीनदा बदला. क्लीटचे बोल्ट खाऱ्या हवेत असे गंजतात की चार मिलीमीटरची ॲलन की फिरवताना बोल्टचं डोकंच झिजतं, म्हणून बसवतानाच ग्रीस लावा आणि मधूनमधून सोडवून परत आवळा. जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेत तर आत बुरशी येणार, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून वारा दाखवा.

आणि महागडे बूट घेऊन पाच वर्षांनी लेहला जाऊ तेव्हा वापरू असं ठेवू नका. बऱ्याच बुटांच्या सोलमधलं पॉलियुरेथेन दमट हवेत वापर नसतानाही हळूहळू कुजतं, आणि एक दिवस बूट घालून चार पावलं टाकली की सोलचा भुगा खाली पडतो. आपल्या हवेत तर ते लवकरच होणार. एका ट्रिपपुरते लागत असतील तर ग्रुपमध्ये कुणाकडे तुमच्या मापाचे आहेत का विचारा, घेतलेच असतील तर परत आल्यावर विकून टाका.